कायटोसान म्हणजे वॅक्स नव्हे

डाळिंबाला वॅक्स काय करतंय हे सांगोला-पंढरपूरच्या पॅकहाऊसवाल्यांना मी सांगायला नको. कार्नोबा (ताडासारख्या झाडाचं मेण) नाहीतर शेलॅक (लाख), पातळ थर, पाणी उडत नाही, साल आकसत नाही, वजन टिकतं, भगवा जातीचं फळ चमकतं. झालं.

कायटोसान या फळावरच्या दुसऱ्या लेपानंपण चमक येते, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात आणि दुकानदार तसंच खपवतात, हे बघून खरंच वैताग येतो. अहो, नुसतं वॅक्स बुरशी मारत नाही! काढणीत सालीला खरचटलं, तिथं पेनिसिलियम बसली आणि वरून वॅक्स मारलं तर बुरशी तिथंच राहती, फक्त झाकली जाती. मग 'वॅक्सनं कूज थांबते' हे आलं कुठनं? संत्र्या-लिंबांच्या परदेशी पॅकहाऊसमध्ये वॅक्समध्ये इमॅझॅलिलसारखं बुरशीनाशक मिसळतात, काम ते करतंय आणि नाव वॅक्सचं होतंय.

कायटोसानचं तसं नाही. कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून ते बनवतात (शाकाहारी गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, बुरशीपासून बनवलेलंपण असतं). आम्लात विरघळलं की त्याच्यावर धन भार येतो, बुरशीच्या पेशीचं आवरण ऋण भाराचं, ते त्याला जाऊन चिकटतं आणि आवरण गळकं करतं. शिवाय फळाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते, हे वॅक्सला कधीच जमणार नाही. युरोपात 2014 लाच कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीक संरक्षणासाठी मान्यता मिळालीय.

म्हणूनच साधी कायटोसान पावडर नुसत्या पाण्यात ढवळून 'रिझल्ट नाही' म्हणू नका, ती विरघळतच नाही, अॅसिटिक अॅसिडचं सौम्य पाणी लागतं. हायड्रोक्लोराइडवाली मात्र पाण्यात विरघळते. आणि फळ वरवर पुसू नका, बुडवा, कारण बॉट्रायटिस बुरशी डाळिंबाच्या मुकुटातल्या वाळलेल्या पुंकेसरांत लपून बसते, फडकं तिथं पोचत नाही. नंतर नीट वाळवल्याशिवाय क्रेटमध्ये भरायचं नाही.

पाणी अडवायला वॅक्सच भारी, नुसती वजनघट असेल तर तेच घ्या. कूज असेल तर मी कायटोसानच घेईन. पण अल्टरनेरिया बुरशी फुलातनंच आत शिरून दाणे काळे करते, त्याला वरून काहीही लावा, उपयोग नाही, आणि तेल्या रोग तर बुरशीचा नाहीच, जिवाणूचा आहे, त्याचा बंदोबस्त बागेतच करावा लागतो.