सदृश वर्षे (हिवाळ्याचा अंदाज)

सदृश वर्षे : येणाऱ्या ऋतूआधीची समुद्राची व वातावरणाची स्थिती ज्या जुन्या सालांच्या स्थितीशी जुळते, ती साले. त्या सालांत पुढे काय घडले हे पाहून यंदा काय घडेल ते सांगण्याच्या रीतीला सदृश पद्धत म्हणतात. मॉन्सूनच्या अंदाजातही ती वापरून झाली आहे, पण तिचा खरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. हिवाळा तोंडावर आला की अमेरिका-युरोपातले वीज आणि गॅसचे व्यापारी, रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या नगरपालिका आणि वर्तमानपत्रे एकच प्रश्न विचारू लागतात : यंदाचा हिवाळा कोणत्या सालासारखा? निफाडचा द्राक्ष बागायतदार गोडी बहाराच्या छाटणीची तारीख ठरवताना हाच प्रश्न मनाशी घोळवत असतो.

कल्पना साधी आहे. वातावरण भौतिकीच्या नियमांनी चालते, तेव्हा दोन वर्षांची सुरुवात सारखी असेल तर पुढची चालही सारखी असावी. घरातली वडीलधारी माणसे ‘त्या साली दिवाळीतच गोधड्या काढल्या होत्या’ म्हणतात तेव्हा त्यांचा तर्क हाच असतो. फरक एवढाच की आठवणीत टोकाची साले राहतात आणि मधली बेताची थंडी कोणाच्या लक्षात राहत नाही. ब्रिटनमध्ये दर शरद ऋतूत कोणीतरी 1962–63 च्या हिवाळ्याचे नाव काढतेच. मध्य इंग्लंडची तापमान नोंद 1659 पासून सलग आहे आणि तीत 1740 नंतर इतका थंड हिवाळा दुसरा नाही. सव्वातीनशेहून अधिक हिवाळ्यांतला हा एक यंदाच का परत येईल, याचे उत्तर मात्र सहसा दिले जात नाही.

सालांची निवड

पहिली चाळणी बहुधा प्रशांत महासागराची असते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 5 अंशांपर्यंत आणि 120 ते 170 अंश पश्चिम रेखांशांच्या दरम्यान पसरलेल्या पट्ट्यातले पाणी सरासरीपेक्षा किती गरम किंवा गार आहे, हे तीन-तीन महिन्यांच्या सरासरीने मोजतात. फरक अर्ध्या अंशाहून जास्त राहिला आणि टिकला, तर गरम बाजूला एल निनो, गार बाजूला ला निना. या निर्देशांकाची नेहमी वापरली जाणारी मालिका 1950 पासूनची आहे. म्हणजे सगळे मिळून सत्तर-पंचाहत्तर हिवाळे, आणि त्यांतले जबर एल निनोचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पुढच्या चाळण्या इथेच अडचणीत येतात. विषुववृत्तावरच्या स्थितांबरातले, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरातले वारे साधारण 28 महिन्यांच्या फेऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा उलट असे दिशा पालटतात. ती दिशा जुळावी. सैबेरियातला ऑक्टोबरचा बर्फ जुळावा. उत्तर प्रशांताचा दीर्घ मुदतीचा कल जुळावा, हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम काठांच्या पाण्याच्या तापमानातला फरक जुळावा. प्रत्येक अट वाढवली की यादी आखूड होते. चार अटींनंतर हातात दोन साले उरतात, पाचवीनंतर एकही नाही. मग अंदाज करणारा एखादी अट सैल करतो. कोणती करायची, हे शास्त्राइतकेच त्याच्या आवडीवर ठरते, आणि मनात आधीच ठरलेला हिवाळा यादीत शिरतो तो याच फटीतून.

जग तापत असल्याने आणखी एक दुरुस्ती करावी लागते. 1955 चा थंड हिवाळा जसाच्या तसा उचलून आजच्या जागी ठेवला तर अंदाज हमखास गार निघतो. म्हणून जुन्या सालाचे तापमान न घेता त्या काळच्या सरासरीपासूनचा फरक घेतात आणि तो 1991–2020 च्या सरासरीवर बसवतात. सामान्य वाचकापर्यंत पोचणाऱ्या तुलनांत ही पायरी बहुतेक वेळा गळलेली असते.

जुळे मिळत नाही

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1969 साली उत्तर गोलार्धाचे पाच वर्षांचे नकाशे एकमेकांशी ताडून पाहिले. खरोखर जवळचा म्हणावा असा एकही जोड त्यांना सापडला नाही. पुढे 1994 मध्ये हवामानशास्त्रज्ञ ह्यूग व्हान डेन डूल यांनी हिशेब मांडला : संपूर्ण उत्तर गोलार्धाचा नकाशा निरीक्षणाच्या चुकीइतक्या फरकाने जुळायला हवा असेल, तर साधारण एकावर तीस शून्ये इतक्या वर्षांच्या नोंदी लागतील. पृथ्वीचे वयच साडेचार अब्ज वर्षे, म्हणजे पंचेचाळीसवर आठ शून्ये.

तरीही पद्धत टाकून दिली गेली नाही, कारण हंगामी अंदाजाला तंतोतंत जुळे लागत नाही; ‘सरासरीपेक्षा गरम की गार’ एवढे कळले तरी पुष्कळ असते. शिवाय व्हान डेन डूल यांनीच वाट काढली. एक साल शोधण्याऐवजी सगळ्या जुन्या सालांना कमी-जास्त, प्रसंगी उणे, वजन देऊन त्यांच्या मिश्रणातून यंदाची स्थिती उभी करायची आणि तेच मिश्रण पुढच्या महिन्यांना लावायचे. ही ‘रचित सदृश’ पद्धत अमेरिकेच्या हवामान अंदाज केंद्रात वापरात आली. अलीकडे संगणकी हवामान प्रारूपांनी घडवलेल्या हजारो काल्पनिक वर्षांतूनही सदृश साले शोधतात. तिथे निदान यादी तोकडी पडत नाही.

लॉस एंजेलिसचा धडा

ही पद्धत कशी फसते याचे दक्षिण कॅलिफोर्नियाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यातच. 1982–83 आणि 1997–98 या दोन्ही जबर एल निनोच्या हंगामांत लॉस एंजेलिसमध्ये 31 इंचांच्या आसपास पाऊस झाला, नेहमीच्या जवळपास दुप्पट. 2015 च्या शरद ऋतूत प्रशांत महासागर पुन्हा त्याच तोडीचा तापला. राज्य चार वर्षांच्या दुष्काळाने होरपळले होते, आणि दोन जुनी साले एकच गोष्ट सांगत होती. लोकांनी छपरे दुरुस्त करून घेतली, पुराच्या तयारीच्या सूचना निघाल्या.

लॉस एंजेलिसला त्या हंगामात 10 इंचही पाऊस झाला नाही. वादळांची वाट अपेक्षेपेक्षा उत्तरेला राहिली आणि सिएटलने नोंदीतला सर्वांत ओला हिवाळा पाहिला. सदृश साले होती दोन. त्यांत एकवाक्यता होती म्हणून ती भक्कम वाटली. नाणे दोनदा उडवून दोनदा छापा पडण्याइतकाच तो पुरावा होता, हे नंतर सगळ्यांना पटले.

उलटा फटका 2022–23 मध्ये बसला. ला निनाचे ते सलग तिसरे वर्ष. असे तिहेरी ला निना त्याआधी 1973–76 आणि 1998–2001 मध्येच झाले होते. ला निना म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया कोरडा, असा साधारण अनुभव. प्रत्यक्षात डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत बाष्पाचे नऊ लोट लागोपाठ किनाऱ्यावर आदळले आणि हंगामाअखेर लॉस एंजेलिसचा आकडा 28 इंचांपलीकडे गेला. म्हणजे आकड्यांवरूनच हंगाम ओळखायचा असता, तर 2022–23 ला एल निनो आणि 2015–16 ला ला निना म्हणावे लागले असते.

शरद ऋतूत न दिसणाऱ्या गोष्टी

ब्रिटनच्या 2009–10 आणि 2010–11 या दोन हिवाळ्यांकडे पाहिले की निव्वळ प्रशांतावर विसंबण्यातली चूक लक्षात येते. पहिला एल निनोचा, दुसरा ला निनाचा. तरी पहिल्यात कडाक्याची थंडी, आणि दुसऱ्यातला डिसेंबर 2010 मध्य इंग्लंडच्या नोंदीत 1890 नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर, सरासरी उणे 0.7 अंश. दोहोंत समान होती ती उत्तर ध्रुवाभोवतीच्या वायुभाराची उलटलेली घडी (एरवी ध्रुवाकडे कमी आणि दक्षिणेला जास्त असणारा दाब उलटा होणे), आणि ती ऑक्टोबरात ओळखता येत नाही.

स्थितांबरातला ध्रुवीय भोवरा, म्हणजे ध्रुवाभोवती गरगरणारे थंड वारे, अचानक विस्कटणे हाही असाच प्रकार. तो हिवाळ्याच्या मध्यावर घडतो आणि नोव्हेंबरातली यादी निकालात काढतो. 2020–21 च्या ला निनात टेक्सासला ऊबदार, कोरडा हिवाळा मिळायला हवा होता. जानेवारीत भोवरा विस्कटला, फेब्रुवारीत तिथे गोठवणारी लाट आली आणि लाखो घरांची वीज गेली.

सदृश पद्धतीची एक चुलत बहीण आहे, तिच्यापासून सावध राहावे : क्रमावरून काढलेला अंदाज. जर्मनीचे हवामानशास्त्रज्ञ फ्रान्झ बाउर यांनी 1941–42 चा हिवाळा साधारण किंवा सौम्य जाईल असे सांगितले, कारण आधीचे दोन हिवाळे कडक गेले होते आणि तीन कडक हिवाळे ओळीने आल्याची नोंद त्यांच्या जुन्या आकड्यांत नव्हती. रशियात घुसलेल्या जर्मन फौजा गोठल्या. ‘आजवर झाले नाही’ हे कारण नव्हे, ती फक्त नोंदीची लांबी असते.

भारतात

ब्रिटिश काळात मॉन्सूनचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज देताना हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन इलियट सदृश साले आणि आलेखांची समांतर चाल यांचा आधार घेत. त्यांच्यानंतर 1904 ते 1924 या काळात वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी व्यक्तिगत नजरेवरची ही भिस्त कमी करून सहसंबंधांचे गणित आणले. प्रशांत व हिंदी महासागरांमधल्या वायुभाराच्या झुल्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव त्यांचेच. खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला आणि तिथल्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

हिवाळ्याच्या बाबतीत महाराष्ट्रात रूढ झालेले समीकरण ‘ला निना म्हणजे कडाका’ असे आहे. उत्तर भारतापुरते, पुष्कळ सालांच्या सरासरीने, त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात थंडी येते ती मात्र तुकड्यातुकड्यांनी. पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी प्रणाली) हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे वारे गुजरात-मध्य प्रदेशातून खाली उतरतात. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमीन भराभर निवते आणि पहाटे पारा कोसळतो. बंगालच्या उपसागरावरून दमट पूर्वेचे वारे आले, ढग आले, की एका रात्रीत गारठा पळतो. हवामान खाते सपाट प्रदेशात थंडीची लाट जाहीर करते ते किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, किंवा थेट 4 अंशांपर्यंत उतरले असेल तर. असे मोजके दिवस तीन महिन्यांच्या सरासरीत विरघळून जातात. बागायतदाराचे नुकसान किंवा फायदा त्या मोजक्या दिवसांतच होतो.

2018–19 चे उदाहरण बोलके आहे. तो हिवाळा सौम्य एल निनोचा होता, समीकरणाप्रमाणे ऊबदार जायला हवा होता. डिसेंबरअखेरीस निफाडला पारा 1.8 अंशांवर आला. 29 डिसेंबरला नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली, 1937 सालचा 3.9 चा विक्रम मोडून. संक्रांतीनंतर थंडी तिळातिळाने कमी होते म्हणतात, पण फेब्रुवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले. नाशिक भागात पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून धूर करणे आणि विहिरीचे कोमट पाणी ठिबकने सोडणे हे उपाय अशा वेळी होतात. मण्यांची फुगवण थांबते, पांढऱ्या वाणांत पिंक बेरी दिसू लागते आणि हिरव्या घडात गुलाबी मणी आला की निर्यातीचा माल बाद होतो. त्याच गारठ्याने शेजारच्या रानातला गहू मात्र खूश असतो.

पुढे दरवर्षी ‘यंदा 2018 सारखी थंडी’ ही बातमी येत राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये ला निनाच्या भाकितावरून ती विशेष जोरात होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्या-नाशकात थंडी पडलीही. 30 नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, आणि त्याच्या ढगांनी डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत महाराष्ट्रातला गारठा पुसून टाकला. ला निना आला, पण उशिरा आणि दुबळा. फेब्रुवारी 2025 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.