पाठीतल्या नळीतून मॉर्फिन दिलं की व्यसन लागतं?

'ऑपरेशननंतर पाठीतून मॉर्फिन घेतलं की व्यसन लागतं,' असा मेसेज अधूनमधून फिरतो. मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनाशामक, त्यामुळे नाव ऐकून धास्ती वाटणारच. पण हे औषध देणारी बारीक नळी मणक्यातल्या एपिड्युरल जागेत (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत) असते. औषध मज्जारज्जूपाशीच पोचतं, म्हणून साधारण 2 ते 5 मिलिग्रॅमचा डोस 24 तासांपर्यंत पुरू शकतो. नळी सहसा दोन-चार दिवसांत निघते. एवढ्या अवधीत, देखरेखीखाली, व्यसन जडण्याची शक्यता फारच कमी.

काळजीचं कारण वेगळंच आहे: खाज, मळमळ, लघवी अडणं आणि क्वचित, काही तासांनी मंदावणारा श्वास. नर्स रात्री येऊन श्वास मोजते (झोपमोड होते खरी!) ती त्यासाठीच. खात्री करायची असेल तर भूलतज्ज्ञांना चार्ट दाखवायला सांगा; डोस, वेळ, श्वासांची नोंद, सगळं त्यात असतं.