हायब्रिड सात-सीटर मुंबईत परवडते का?
‘हायब्रिड गाडी हायवेवरच मायलेज देते, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पैसे वाया,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. साध्या पेट्रोल गाडीच्या अनुभवावरून तो पटतोही. पण स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत असलेल्या मोटर-बॅटरीवर काही अंतर नुसतीही धावू शकणाऱ्या गाडीत, उलट घडतं. सायनच्या रांगेत गाडी उभी असताना इंजिन बरंचसं बंद राहतं, एसी बॅटरीवर चालतो. ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा मोटर बॅटरीत परत भरते. एक्स्प्रेसवेवर ब्रेकच कमी लागतो, म्हणून फायदाही कमी. ‘माइल्ड हायब्रिड’ मात्र वेगळी. ती सहसा नुसत्या बॅटरीवर धावत नाही, म्हणून गाडी यातली कोणती, हे शोरूममध्ये आधी विचाराच. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळच्या गर्दीत, आजी-आजोबांसकट सगळं घर बसवून घ्या. गाडी नुसत्या बॅटरीवर चालल्याचं दाखवणारा डॅशबोर्डवरचा ‘ईव्ही’ दिवा किती वेळ लागलेला राहतो ते बघा आणि तिसऱ्या रांगेत गुडघे मावतात का, तेही.