पीडीएफ, ईपब आणि पानामागचा मजकूर

नागपुरातल्या प्रकाशन समारंभांत अलीकडे ‘ई-आवृत्तीही उपलब्ध आहे’ असे आवर्जून सांगितले जाते. चौकशी केली की बहुतेक वेळा कळते, ती ई-आवृत्ती म्हणजे छापखान्याकडे गेलेली पीडीएफच असते, मुखपृष्ठ जोडून व्हॉट्सॲपवर सोडलेली. ती फाइल निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. तिला ई-पुस्तक म्हणणे मात्र थांबले पाहिजे, कारण त्या समजुतीपायी खरे काम सुरूच होत नाही.

पीडीएफ सर्वांच्या परिचयाची आहे. अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये ती आणली ती पान जसेच्या तसे राखण्यासाठी, आणि ते काम ती चोख करते. ईपब हा ई-पुस्तकाच्या फाइलचा प्रकार २००७ मध्ये प्रमाणित झाला. त्याच्या आत वेबपानांसारखीच पाने एका झिप फाइलमध्ये बांधलेली असतात आणि पडदा जेवढा, तेवढ्या ओळी वाचकाच्या यंत्रावर नव्याने मांडल्या जातात. पीडीएफमधले डेमी आकाराचे, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचे पान सहा इंची मोबाइलवर वाचायचे तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळ आपोआप मोडून खाली येते. फाइलचा आकार, ती उघडणारे ॲप, कुलूप लावण्याची सोय हे फरक किरकोळ आहेत आणि त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

लोक अडखळतात ते दुसरीकडेच. ‘पीडीएफ आहे ना, मग तिचेच ईपब करून टाका,’ असे सहज म्हटले जाते, आणि त्यामागे असे गृहीत असते की पडद्यावर मराठी दिसते म्हणजे फाइलमध्ये मराठीच साठवलेली आहे. नागपूरच्या महाल-सीताबर्डीतच काय, महाराष्ट्रभर मराठी पुस्तकांची जुळणी वर्षानुवर्षे पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत होत आली. या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द यंत्राच्या दृष्टीने एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांची रांग असतो. फाँट काढून घेतला की तीच रांग उरते. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाणित संकेतप्रणालीत मात्र ‘भ’ला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो आणि फाँट कोणताही लावला तरी तो ‘भ’च राहतो. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, म्हणूनच छापखान्याला हा फरक कधी जाणवला नाही. वाचकाने ‘विदर्भ’ हा शब्द शोधला, की जुन्या फाँटातील फाइल एकही निकाल देत नाही.

युनिकोडमध्ये जुळवलेल्या पुस्तकाची पीडीएफही इथे पूर्ण भरवशाची नसते. पीडीएफ प्रामुख्याने कोणता आकार पानावर कुठे ठेवायचा एवढेच नोंदवते, त्यामुळे तिच्यातून मजकूर उचलताना जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. थोडक्यात, ईपब पीडीएफपासून करायचेच नसते; ते जुळणीच्या मूळ फाइलपासून करायचे असते.

ती फाइल जुन्या फाँटात असेल तर फाँट-परिवर्तक वापरता येतो, पण त्यानंतर प्रूफवाचनाला पर्याय नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. ‘अस्मिता’तील वेलांटी ‘स्म’ हे अख्खे जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते, आणि कामचलाऊ परिवर्तक तिथेच चुकतो. ‘दुसऱ्या’मधला र दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो; दिसायला दोन्ही एक, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. ते वाचवण्यासाठी पानांची छायाचित्रे ईपबच्या वेष्टनात भरणारे महाभागही आहेत. त्यांच्यापेक्षा सरळ पीडीएफ देणारा प्रकाशक मला अधिक प्रामाणिक वाटतो.

हा मूठभर हौशी वाचकांपुरता प्रश्न नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरून पुस्तके घेऊन गावी परतणाऱ्या वाचकाला वर्षाच्या मधल्या काळात नवे पुस्तक मोबाइलवरच सहज मिळू शकते. अंध वाचकाचा मोबाइल तर युनिकोड मजकूरच मोठ्याने वाचू शकतो. जुन्या फाँटातील मराठी त्याला रोमन अक्षरांचा गोंगाट म्हणून ऐकू येते. अंध वाचकांना पुस्तके सुलभ व्हावीत यासाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, हे आपल्या प्रकाशकांना कोणीतरी सांगायला हवे.

पीडीएफची जागाही आहेच. चित्रे, तक्ते आणि चौकटींनी भरलेली बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात ते योग्यच आहे, आणि पानावरची मांडणी हाच आशयाचा भाग असलेल्या कवितासंग्रहासाठी मीही तीच निवडेन. कादंबरी, आत्मचरित्र, वैचारिक लेखन यांना मात्र ईपबच हवे. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आणल्यानंतर तर ‘मराठीत ते जमत नाही’ ही सबबही उरली नाही.

लेखकांनी करारातच युनिकोड फाइल मागून घ्यावी, आणि ती अंतिम प्रुफानंतरची असावी. शेवटच्या प्रुफातील दुरुस्त्या बहुधा फक्त जुळणी करणाऱ्याच्या फाइलमध्ये उतरतात. लेखकाकडची जुनी वर्ड फाइल ई-आवृत्तीसाठी दिली, तर छापील पुस्तकातून काढलेल्या सगळ्या चुका तिच्यात जशाच्या तशा परत येतात.