१० मीटर एअर रायफलसाठी छरे निवडताना

"सगळ्यात भारी डबा कुठला?" दुकानात येणाऱ्या पालकांचा बहुतेक वेळा हाच पहिला प्रश्न असतो. भारी डबे आमच्याकडे आहेत, जर्मन आहेत, चेक आहेत, आणि ते खपले तर आम्हाला हवेच आहेत. पण मुलाने किंवा मुलीने नुकतीच रेंजवर जायला सुरुवात केली असेल तर तो डबा आम्ही काढून देत नाही. उभं कसं राहायचं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर कसा दाबायचा हे अंगात मुरेपर्यंत छरे टार्गेटभर पसरणारच. तिथे मॅच ग्रेडचा (स्पर्धेच्या दर्जाचा) छरा आणि साधा यांतला फरक कागदावर दिसतच नाही. चपट्या डोक्याचे सरावाचे छरे घ्या आणि उरलेले पैसे नेमबाजीच्या चांगल्या जॅकेटसाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट. स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्यपदक पाहून "तीच गोळी द्या" म्हणणारेही येतात. ते पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). त्यात .२२ ची काडतुसं लागतात, आणि त्यांना शस्त्र परवाना लागतो. १० मीटर एअर रायफल म्हणजे अभिनव बिंद्राचं बीजिंगचं सुवर्ण, किंवा ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं २०२२ चं कैरोमधलं जागतिक विजेतेपद. हे माहितीपत्रक त्या ४.५ मिमी छऱ्यांबद्दल आहे.

डोकं आणि घेर

छरा डमरूसारखा असतो. पुढचं डोकं बॅरलमधल्या (नळीतल्या) आट्यांवर टेकून सरळ जातं. मागचा पातळ, पोकळ घेर हवेच्या दाबाने फुलतो आणि नळी बंद करतो. डोकं चपटं असण्याचं कारण साधं आहे: कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार किंवा गोल डोक्याचे छरे या खेळात कामाचे नाहीत.

मॅच ग्रेडच्या बऱ्याच डब्यांवर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. यातलं कुठलंच माप दुसऱ्यापेक्षा वरचढ नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली असल्या तरी एकीला ४.४९ चालतो आणि दुसरीला ४.५० लागतो. म्हणून मित्राने सुचवलेला डबा डोळे झाकून घेऊ नका. मित्राची रायफल वेगळी.

रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छरा वापरतात. पिस्तूलवाले बरेचदा ०.४५ ते ०.४९ चा हलका घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

दहाच्या वर्तुळाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्याला छऱ्याची कड लागली की दहा. पण रायफलच्या क्वालिफिकेशनमध्ये (पात्रता फेरीत) आता गुणांचे दशांश धरतात, दहाचे १०.० ते १०.९, आणि प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरवर बदलतो. म्हणजे १०.९ साठी छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आतच हवा. आता हिशेब करा. छरा न जमल्यामुळे ग्रुप (एका ठिकाणी धरून मारलेल्या छऱ्यांच्या भोकांचा पसारा) एक मिलिमीटरने मोठा झाला, तर कडेचा छरा मध्यापासून अर्धा मिलिमीटर लांब गेला. तुमची काहीही चूक नसताना त्या शॉटला दोन दशांश गेले. ६० शॉट्समध्ये असे किती कडेला जातील ते तुम्हीच बघा. निवड चाचणीत एकेका दशांशावर नाव आत-बाहेर होतं.

एअर पिस्तूलच्या क्वालिफिकेशनमध्ये पूर्णांकच धरतात. तिथे छऱ्यामागे इतकं लागायची गरज नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

टेस्टिंग

खांद्यावर धरून केलेली चाचणी ही छऱ्याची नसून तुमची चाचणी असते. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवावी लागते. आमच्याकडे क्लॅम्प आहे. वेळ ठरवून रायफल घेऊन या. रायफलचा हवेचा सिलिंडर भरून आणा, दाब कमी असला की निकालावर भरवसा राहत नाही. नवा छरा लावला की पहिले वीस-तीस शॉट्स मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो. मग दहा-दहाचे दोन-तीन ग्रुप घेऊन कॅलिपरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मापायचं. त्यातून ४.५ वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं. एखादा ग्रुप सुंदर आणि पुढचा फाटलेला, असं झालं तर तो छरा बाद. सगळे ग्रुप मध्यम पण सारखे असले तर तो पुढच्या फेरीत.

छरा जमला की डब्यामागचा लॉट क्रमांक (एकाच वेळी बनवलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा आणि जमेल तेवढे डबे त्याच लॉटचे घ्या. नाव तेच, माप तेच, लॉट वेगळा, एवढ्यानेही ग्रुप बदलतो.

शिसं नको असेल तर

कथिलाच्या मिश्रधातूचे छरे मिळतात. कथील शिशापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे त्याच आकाराचा छरा वजनाला कमी आणि वेगाने जास्त. धातू कडक असल्याने बॅरलमध्ये बसतोही वेगळा. शिशाच्या छऱ्यावरून अंदाज बांधू नका, त्याची चाचणी स्वतंत्र करा. घरातल्या स्प्रिंगच्या बंदुकीला फार हलका छरा देऊ नये. आतल्या, हवा ढकलणाऱ्या पिस्टनला पुढे पुरेसा अडसर मिळत नाही आणि तो पुढच्या टोकावर आदळतो. छरा न घालता चाप ओढला तर हेच अजून जोरात होतं.

शिशाचे छरे तोंडात धरू नका. जुने लोक धरायचे, ती सवय वाईट. सरावानंतर साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा, जेवणाचा. घेर चेपलेला छरा बाजूला काढा, त्यातून हवा सुटते आणि शॉट भलतीकडेच जातो. एकदा उडवलेला छरा पुन्हा वापरू नका. डबा सायकलच्या कॅरिअरला लावून आणलात तर अर्धे छरे चेपलेलेच निघतील.

४.५ मिमीपर्यंतच्या नळीच्या आणि छऱ्याला २० जूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरीही रायफल घेताना ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत लागेल, लहान मुलांसाठी पालकांची. सील न फोडलेला डबा पावतीसह बदलून देऊ. फोडलेला परत घेत नाही, कारण आतले छरे कसे हाताळले ते आम्हाला कळायला मार्ग नसतो.