नचिकेताचा तिसरा वर: एका कथेची पार्श्वभूमी

'पीतोदका जग्धतृणा दुग्धदोहा निरिन्द्रियाः.' प्यायचे तेवढे पाणी पिऊन झाले, खायचे तेवढे गवत खाऊन झाले, द्यायचे ते दूध देऊन झाले आणि आता अंगात त्राण नाही, अशा भाकड गाई. वाजश्रवसाच्या यज्ञात त्या दक्षिणा म्हणून नेल्या जात आहेत आणि त्याचा कोवळा मुलगा नचिकेत ते पाहतो आहे. यज्ञ सर्वस्व देण्याचा, आणि देणे चालले आहे ते असे. मुलाला राहवत नाही. 'बाबा, मला कुणाला देणार?' तो एकदा विचारतो, पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. बाप चिडून म्हणतो, 'मृत्यूला देतो तुला.'

कठोपनिषद असे सुरू होते. पुढची गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. यम घरी नाही, मुलगा तीन रात्री दारात उपाशी बसतो, परतलेला यम ओशाळून तीन वर देतो. तात्पर्यही ठरलेले असते: आत्मा अमर आहे. तात्पर्य चुकीचे मुळीच नाही. पण ही गोष्ट कठोपनिषदाच्या आधीही सांगितली जात होती आणि नंतरही सांगितली गेली, आणि यमाच्या तोंडचे उत्तर दर वेळी वेगळे आहे. पुराणकथेतला बोध म्हणजे शिंपल्यातला मोती, कथा फोडली की तो हाती येतो, असे आपण धरून चालतो. नचिकेताची कथा मागे मागे शोधत गेले की ही समजूत टिकत नाही.

सर्वात जुना धागा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 135व्या सूक्तात आहे. सूक्त अवघ्या सात ऋचांचे. सुंदर पालवीचा एक वृक्ष, त्याखाली देवांसोबत सोमपान करणारा यम आणि एक कुमार. नचिकेताचे नाव इथे नाही. सूक्ताचा संबंध त्याच्याशी जोडला तो सायणाचार्यांसारख्या भाष्यकारांनी. या कुमाराने मनाने एक रथ घडवला आहे. नवा, आणि चाके नसलेला: 'रथमचक्रं मनसाकृणोः'. तो रथ कुठे निघाला आहे, हे सूक्त उलगडून सांगत नाही. बोध इथे नाहीच, आहे ते फक्त एक चित्र.

नाव, बाप, यज्ञ आणि शाप हे सगळे तैत्तिरीय ब्राह्मण या यज्ञविधींच्या वैदिक ग्रंथात येते. कठोपनिषदाचे पहिले वाक्य जवळपास जसेच्या तसे इथे आढळते. फरक पुढे आहे. मुलगा निघताना एक वाणी त्याला सांगते: मृत्यू घरी नसताना जा, तीन रात्री न जेवता राहा. पहिल्या रात्री काय खाल्लेस असे त्याने विचारले, तर म्हण, 'तुझी प्रजा.' दुसऱ्या रात्री? 'तुझे पशू.' तिसऱ्या रात्री? 'तुझे पुण्य.' दारात आलेल्या अतिथीला उपाशी ठेवणाऱ्या यजमानाचे काय काय जाते, ते इतक्या थोडक्यात इतके कठोरपणे मांडलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. मग तीन वर. पहिला, बापाकडे जिवंत परतण्याचा. दुसरा, यज्ञदानाचे पुण्य कधी क्षीण न होण्याचा. तिसरा, पुनर्मृत्यू जिंकण्याचा. परलोकात पुण्य सरले की माणूस तिथेही पुन्हा मरतो, ही त्या काळची खरीखुरी धास्ती होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वरांचे उत्तर मृत्यू एकच देतो: नाचिकेत अग्नी. विटा कशा रचायच्या, अग्नी कसा चेतवायचा, हे जाणा आणि करा. इथली कथा एका यज्ञकर्माचे महात्म्य सांगते.

उपनिषदकाराने नेमके इथेच पाऊल पुढे टाकले. अग्नी त्याने टाकून दिला नाही, दुसऱ्या वरात ठेवला. त्यामुळे तिसरा वर मोकळा झाला आणि तिथे त्याने नवा प्रश्न बसवला: 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये.' माणूस गेल्यावर कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो. यातले खरे काय ते मला शिकव. जुन्या कथेतला यम लगेच उत्तर देतो. हा यम टाळाटाळ करतो. देवांनाही याविषयी शंका होती, दुसरे काही माग, म्हणतो. शंभर वर्षे जगणारे मुलगे-नातू, हत्ती, घोडे, सोने, रथातल्या अप्सरा, सारे देऊ करतो. मुलगा म्हणतो, तुझी वाहने आणि तुझे नाचगाणे तुझ्यापाशीच राहू दे, माणूस वित्ताने तृप्त होत नाही. त्यानंतर श्रेय म्हणजे हिताचे आणि प्रेय म्हणजे आवडीचे यांतला फरक येतो, आणि मग ते प्रसिद्ध रूपक: शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, आत्मा रथात बसलेला. ते वाचताना ऋग्वेदातल्या कुमाराचा बिनचाकी रथ मला हटकून आठवतो. उपनिषदकाराच्या मनात तो होता असा माझा दावा नाही, पण दोन्ही रथ यमाच्याच परिसरातले आहेत.

भाकड गाई पाहून मुलाच्या मनात जे शिरले त्याला उपनिषद 'श्रद्धा' म्हणते. शंकराचार्यांनी तिचा अर्थ आस्तिक्यबुद्धी, म्हणजे शास्त्र आणि परलोक खरे मानणारी बुद्धी, असा केला आणि त्यामागे बापाच्या हिताची इच्छा होती, असेही सांगितले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. मुलगा बापाला उघडे पाडायला निघालेला नाही, तो बापाला वाचवू पाहतो आहे. म्हणून तर तिसऱ्या वराआधी, पहिल्याच वरात, तो बापाचा राग शांत व्हावा असे मागतो.

महाभारताच्या अनुशासनपर्वात बापाला वेगळे नाव आहे, उद्दालकी. नदीकाठी विसरलेली समिधा, दर्भ, फुले आणि कलश आणायला तो मुलाला पाठवतो. ते सगळे प्रवाहात वाहून गेलेले. भुकेने आणि श्रमाने कावलेला बाप बोलून जातो, 'यमाला पाहा!' मुलगा तिथेच कोसळतो. बाप रात्रभर रडतो, आणि पावसाने पीक तरारावे तसा, त्या आसवांनी भिजलेला मुलगा दर्भाच्या अंथरुणावर हलतो. इथे यमाला गुह्य ज्ञान सांगायचे नाही. त्याला गोदानाचे फळ सांगायचे आहे: गाय कशी असावी, कुणाला द्यावी, केव्हा द्यावी. उपनिषदात ज्या गाईंनी प्रश्न उभा केला, त्याच इथे उत्तर होऊन परतल्या आहेत.

वराहपुराणातला नचिकेत यमपुरी आणि नरक पाहून येतो आणि तपस्व्यांना त्यांचे वर्णन ऐकवतो. पुढे लोकांत 'नासिकेत' या नावाची कथा रुळली. 1803 मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात सदल मिश्र यांनी तिचे हिंदी रूप लिहिले, आणि आरंभीच्या खडी बोली गद्यात ते मोजले जाते.

उपनिषदाच्या ओळी मात्र दुसऱ्या वाटेने घराघरांत पोहोचल्या. 'न जायते म्रियते वा' हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला श्लोक थोड्या फरकाने कठोपनिषदात आहे. पंधराव्या अध्यायातला वर मुळे आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थही तिथला, आणि ज्ञानेश्वरांनी तो ओव्यांमागून ओव्या खर्चून उभा केला. 1657 मध्ये मुघल राजपुत्र दारा शुकोहने 50 उपनिषदे फारसीत आणवली. राममोहन रॉय यांनी 1819 मध्ये कठोपनिषद इंग्रजीत आणले. विवेकानंदांनी 'उत्तिष्ठत जाग्रत' तिथूनच उचलले.

ही गोष्ट कुठे सांगावी, तेही कठोपनिषदाने पहिल्या अध्यायाच्या शेवटी सांगून ठेवले आहे. या उपाख्यानाला ते 'मृत्युप्रोक्तं सनातनम्', मृत्यूने सांगितलेले सनातन, म्हणते आणि जागा दोन सुचवते: जाणत्यांची सभा, किंवा श्राद्ध. म्हणजे घरातले माणूस गेलेले असते आणि तो आता आहे की नाही, हा मुलाचा प्रश्न पानांवर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात असतो, ती वेळ.