तुवालूची जमीन खरंच आटतेय का?

‘प्रशांत महासागरातला तुवालू हा बेटांचा देश समुद्रात बुडत चाललाय, बेटं दरवर्षी लहान होतायत’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. 1971 ते 2014 या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं ताडून पाहिली, तर 101 बेटांचं एकूण क्षेत्रफळ 2.9 टक्के वाढलेलं दिसतं. लाटा प्रवाळाचा चुरा, शिंपल्यांची वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात. काही बेटं झिजली, हेही खरं.

पण म्हणून संकट खोटं ठरत नाही! समुद्राची पातळी चढतेच आहे. तिथे आपल्या अळूच्याच कुळातला पुलाका खोल खड्ड्यांत, भूजलाच्या ओलीवर लावतात. मोठ्या भरतीला सच्छिद्र जमिनीतून खारं पाणी वर येतं आणि कंद जागीच कुजतात.